नागपुरात मेडिसिनचा जेआर-१ (पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर) आहे. इमर्जन्सी ड्युटीनंतर पेशंटवर चिडतो, दोन दिवस सुट्टी घेऊनही फरक पडला नाही. हा बर्नआउट आहे का? काय करू?

सुट्टीत थोडी झोप भरून निघते, पण परतल्यावर रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, तोच असतो. म्हणून फरक टिकत नाही. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, बर्नआउट हा आजार नाही, कामातून आलेली अवस्था आहे: गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमची चिडचिड त्यातल्या दुसऱ्या लक्षणात बसते. तेवढ्यावरून स्वतःला वाईट डॉक्टर ठरवू नका.

आधी डिप्रेशन तपासा. सुट्टीतही कशात मन लागत नसेल, निवांत झोपायला मिळूनही पहाटे जाग येत असेल, तर पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली प्रामाणिकपणे भरा. गुण १० किंवा जास्त आले तर सायकियाट्रिस्टला भेटा. आपल्याच कॉलेजात संकोच वाटत असेल तर बाहेरच्या. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे; त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज करत बसू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) रात्रीही चालू असते. टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन, बी-१२ या रक्ततपासण्यासुद्धा करून घ्या. झोपेसाठी स्वतःच अल्प्राझोलामची गोळी मात्र सुरू करू नका. डॉक्टरांना ती सहज मिळते आणि काही आठवड्यांतच तिच्याशिवाय झोप येईनाशी होते.

इमर्जन्सी संपल्यावर संध्याकाळपर्यंत झोपलात की रात्रीची झोप जाते. दुपारी दीड-दोन तासच झोपा, रात्री नऊला पुन्हा आडवे व्हा. मे महिन्यात खिडकीला जाड पडदा लावा आणि कुलरची टाकी ड्युटीला निघतानाच भरून ठेवा. ड्युटीवरून परतताना गाडी मात्र चालवू नका, ऑटो करा. सलग २४ तास जागं राहिल्यावर प्रतिसाद रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्याइतका मंदावतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे.

आता रोस्टर, खरं दुखणं तेच. १४ दिवस रोज लिहा: कधी आलो, कधी निघालो, किती झोपलो, आणि रिपोर्ट आणणं, सॅम्पल पोचवणं, फॉर्म भरणं यात किती तास गेले. हा शेवटचा आकडा बहुतेकांना हादरवतो. सह-रेसिडेंटसोबत युनिट हेडकडे जा. ‘ताण येतो’ म्हणालात तर सल्ला मिळेल, तासांचा तक्ता दिलात तर त्यावर बोलावं लागेल. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या २०२४ च्या राष्ट्रीय टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक सुट्टी सुचवली आहे, तेही अर्जात लिहा. मागणी मात्र एकच ठेवा: इमर्जन्सीनंतर हँडओव्हर देऊन (पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवून) दुपारी सुटका. ऐकलं नाही तर तोच कागद मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीकडे द्या.