पोर्ट ऑफ कॉल म्हणजे पोस्टिंग नाही ओ, थांबा!

नमस्कार दादा,
तुम्ही लिहिलंय की मर्चंट नेव्हीत, म्हणजे व्यापारी जहाजांवर, नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटच्या कागदावर 'पोर्ट ऑफ कॉल - कोलंबो, सिंगापूर, रॉटरडॅम' असं छापलंय, म्हणजे बारावीतल्या पोराचं पोस्टिंग तिथं होणार का, आणि राहायची सोय कोण करणार.

पोस्टिंग बिस्टिंग काही नाही. आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत मुंबईला जाते ना, तसे ते जहाजाचे थांबे. माल चढवायला-उतरवायला, तेल भरायला, किराणा घ्यायला किंवा माणसं बदलायला जहाज ज्या बंदरात लागतं ते पोर्ट ऑफ कॉल. जहाजाच्या मागच्या बाजूला पनामा नाहीतर मुंबई असं रंगवलेलं असतं ते नोंदणीचं बंदर, तिथं जहाज कधी गेलेलंही नसेल. पोरगा राहणार जहाजावरच, जेवण-खोली कंपनीची.

आणि थांबा म्हणजे फिरणं असंही समजू नका. कंटेनरचं जहाज बऱ्याचदा दिवसभरात मोकळं होऊन निघतं. माझा एक जुना विद्यार्थी, होटगी रोडचा, चारदा सिंगापूरला लागला आणि बघितलं काय तर क्रेन, कारण बंदरात आलं की कॅडेटची, म्हणजे शिकाऊ पोराची, ड्युटी उलट वाढते, माल मोजा, दोर बघा, गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, उभं राहा, कोण आलं कोण गेलं लिहा. हे थांबे कागदावर पण लागतात बरं का, 2004 पासून सुरक्षेच्या नियमानं जहाजाला मागच्या 10 थांब्यांची नोंद ठेवावी लागते आणि पुढचं बंदर ती मागू शकतं.

आता मला खटकलं ते सांगतो. ॲडमिशनच्या आधीच बंदरांची नावं देणारा माणूस. जहाज कुठं जाणार ते मालावर ठरतं, अजून परीक्षा न दिलेल्या पोराला ते कोण सांगणार? त्याला एवढंच विचारा की कॉलेजला डीजी शिपिंगची, म्हणजे जहाज खात्याच्या सरकारी कार्यालयाची, मान्यता आहे का आणि नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरायचं सरकारी लायसन, आहे का. गडबडला तर पैसे देऊ नका, ॲडव्हान्स तर अजिबात नको.

सरळ रस्ता आयएमयू सीईटीचा, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेचा. डीएनएस, म्हणजे डेक ऑफिसर व्हायचा डिप्लोमा, करायचा तर बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 60 टक्के, इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला 50, मग 1 वर्ष कॉलेज आणि 18 महिने जहाजावर ट्रेनिंग. पण त्याच्याही आधी डोळे, डेकला, म्हणजे जहाज हाकायच्या कामाला, चष्म्याशिवाय 6/6 लागतं आणि रंग नीट ओळखता आले पाहिजेत. तुम्ही चष्म्याचं काहीच लिहिलं नाही. या आठवड्यात तपासून घ्या, रिपोर्ट आला की पोराला घेऊन या, मग फीचं बोलू.