जुन्या गाडीचं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) दर आठवड्याला कमी होतं, पण खाली एक थेंबही दिसत नाही. गळती शोधायची कशी?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. तापलेल्या इंजिनवर झिरपलेलं कूलंट जमिनीवर पोचण्याआधीच वाळतं. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन ओल नाही, वाळलेले डाग शोधा. वॉटर पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून पांढरट किंवा हिरवा ओघळ उतरलेला दिसला तर पंपाचं सील गेलं समजा. होज पाईपच्या क्लिपाही बघा.

डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं आहे? एसीचं पाणी चिकटत नाही. बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला, तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

तरीही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करा, म्हणजे हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब भरून तो टिकतो का ते काट्यावर बघा, पण रेडिएटर कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंतच. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) तपासा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका.