माउस काढून ठेवा आणि स्वतःचा फॉर्म भरून बघा

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीत छोट्या संस्थांच्या वेबसाइट बनवतो. एका पतसंस्थेसाठी कर्जाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म केला होता. परवा तिथल्या एका सभासदकाकांचा फोन आला, पार्किन्सन्समुळे त्यांचे हात थरथरतात, माउस धरवत नाही म्हणून सगळं कीबोर्डवरच करतात, आणि तुमच्या फॉर्ममध्ये मी मध्येच अडकलो म्हणाले. तेव्हापासून चैन नाहीये. आता सगळं परत बनवायला लागेल का?

उत्तर : नाही हो, सगळं नाही लागत. आधी माउसची वायर काढा, लॅपटॉप असेल तर टचपॅडला हात लावू नका, आणि तोच फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत भरा. टॅबने पुढे, शिफ्ट टॅबने मागे, लिंकवर एंटर, बटनावर एंटर किंवा स्पेस, रेडिओ बटनात (एकच पर्याय निवडायची गोल बटनं) बाणाच्या कीज. आणि प्रत्येक टॅबला बघायचं, आपण आत्ता नेमके कुठे आहोत ते स्क्रीनवर दिसतंय का.

बहुतेक साइट इथेच फसतात. आपण जिथे आहोत, म्हणजे जिथे फोकस आहे, तिथे ब्राउझर बिचारा स्वतःहून चौकट दाखवत असतो, पण डिझाइनमध्ये बरी दिसत नाही म्हणून कोणीतरी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, आउटलाइन नन (outline: none) लिहून ती घालवलेली असते. मग माणूस अंधारात चाचपडल्यासारखा टॅब दाबत बसतो. ती ओळ आजच काढा. माउसने क्लिक केल्यावर चौकट नको असेल तर फोकस-व्हिजिबल (:focus-visible) वापरा, तेवढ्यासाठीच ते आहे.

दुसरं, डिव्हला, म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकोनाला, ऑनक्लिक (क्लिकवर चालणारा कोड) लावून केलेली बटनं शोधा. टॅब त्यांच्यावर थांबतच नाही. टॅबइंडेक्स (टॅबचा क्रम ठरवणारा आकडा) शून्य दिलं की थांबतो, पण एंटर दाबून काही होत नाही, ते वेगळं लिहा, मग स्पेसचं लिहा, मग स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हे बटन आहे म्हणून सांगा, एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा सरळ बटन टॅग वापरा, त्यात हे सगळं आयतं मिळतं. टॅबइंडेक्सला 1, 2, 3 असे आकडे मात्र देऊ नका, क्रम उड्या मारायला लागतो.

काका कुठे अडकले ते त्यांनाच फोन करून विचारा, पण माझा पहिला संशय जन्मतारखेच्या कॅलेंडरवर. एकेक महिना मागे नेणारा बाण असेल तर साठ वर्षं मागे जायला 720 वेळा दाबावं लागतं, थरथरत्या हाताने! तारीख टाइप करता आलीच पाहिजे. दुसरा संशय पॉपअपवर, तो उघडतो पण टॅब मागच्या पानावरच फिरत राहतो, नाहीतर आत गेलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही. पॉपअपसाठी एचटीएमएलचा डायलॉग टॅग वापरून तो शोमोडल (showModal) या कमांडने उघडलात तर फोकस आत जातो, एस्केपने बंद होतो आणि फोकस होता तिथे परत येतो.

आणि हे एकट्या काकांसाठी नाहीये. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर घेऊन काम करणारे अंध लोक सगळं कीबोर्डवरच करतात, डोक्याने किंवा पायाने स्विच दाबणाऱ्यांची साधनंही बऱ्याचदा कीबोर्डसारखीच चालतात. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, त्यात कीबोर्डची अट सगळ्यात खालच्या, म्हणजे ए पातळीलाच आहे. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय.

दुरुस्त झालं की लिंक आधी काकांना पाठवा, पतसंस्थेला नंतर.

प्रश्न : माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, ती एकाच हाताने टाइप करते. शिफ्ट धरून टॅब दाबणं जमत नाही, आणि बोट कीवरून लवकर उचलत नाही म्हणून एकच अक्षर चारदा उमटतं.

उत्तर : दोन्हीला विंडोजमध्येच सोय आहे, वेगळं काही विकत घेऊ नका. शिफ्ट सलग पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज विचारतं, हो म्हणा, मग आधी शिफ्ट दाबून सोडायचं आणि नंतर टॅब, दोन्ही एकदम धरायला नको. अक्षरं परत परत उमटतात त्याला फिल्टर कीज, उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरा. किती वेळ थांबायचं ते सेटिंगमध्ये बदलता येतं, तिच्याजवळ बसून थोडं थोडं बदलून बघा, पहिल्याच दिवशी बरोबर बसेल असं नाही. शाळेतल्या लॅबच्या सरांना पण सांगून ठेवा, कारण तो बॉक्स चुकून आलाय समजून लोक पटकन बंद करून टाकतात.