मायक्रोआरएनए हेच सूत्रकृमीच्या वाढीचं घड्याळ असतं का?

तुम्ही विचारलंय, सोलापूरच्या उन्हात डाळिंबाच्या मुळांवरचे सूत्रकृमी भराभर वाढतात, ते मायक्रोआरएनए जास्त तयार होतो म्हणून का? मी सोलापुरात बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवते. तुमच्या प्रश्नात वेग आणि क्रम एकत्र आलेत. मायक्रोआरएनए, म्हणजे स्वतः प्रथिन न बनवता दुसऱ्या जनुकांचं काम रोखणारा छोटासा आरएनए. तो सांभाळतो मुख्यतः क्रम, म्हणजे कुठल्या अवस्थेनंतर कुठली.

हे कळलं ते एलेगन्स या जेमतेम १ मिलिमीटरच्या सूत्रकृमीमुळे. त्याच्या अळीच्या चार अवस्था असतात, प्रत्येकीच्या शेवटी तो कात टाकतो. पहिल्या अवस्थेत लिन-१४ हे प्रथिन भरपूर असतं. ते असेपर्यंत पेशी त्याच अवस्थेची कामं करतात. मग लिन-४ हा अवघ्या २२ अक्षरांचा मायक्रोआरएनए वाढतो, लिन-१४च्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या) शेपटाला चिकटतो आणि प्रथिन बनणं रोखतो. लिन-४ बिघडला तर पहिल्या अवस्थेची पेशीविभाजनं पुन्हा पुन्हा होत राहतात. लिन-१४ बिघडलं तर उलट, ती गाळून पेशी थेट दुसऱ्या अवस्थेची कामं धरतात. या उलटसुलट जोडीइतका देखणा पुरावा मी शिकवण्यात दुसरा पाहिलेला नाही. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी तो १९९३ मध्ये मांडला. दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये. मध्ये २००० साली लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला, जो अळीला प्रौढ व्हायला लावतो, आणि तो माणसातही आहे हे कळल्यावर सगळ्यांचं लक्ष इकडे वळलं.

आता उन्हाचं. एलेगन्सला अंड्यापासून प्रौढ व्हायला २० अंशाला साधारण ३ दिवस लागतात, १५ अंशाला त्याच्या जवळपास दुप्पट. क्रम दोन्हीकडे तोच. उबेत लिन-४ही लवकर येतो, कारण सगळीच वाढ लवकर होते. त्याहून बोलका पुरावा उपाशी अळीचा: अंड्यातून निघाल्यावर खायला मिळालं नाही तर ती पहिल्याच अवस्थेत थांबते आणि लिन-४ वाढतच नाही. अन्न मिळालं की मग वाढतो. म्हणजे तो स्वतः वेळ मोजत नाही. लय शोधायचीच असेल तर लिन-४२ जनुकाविषयी वाचा, त्याची पातळी दर कातीगणिक वरखाली होते.

एक मात्र लक्षात ठेवा. मुळांवर गाठी करणारा कृमी वेगळा. तो पहिली कात अंड्यातच टाकतो आणि दुसऱ्या अवस्थेत मुळात शिरतो. एलेगन्सचे हे आकडे बागेला जसेच्या तसे लावू नका.