वाचकांचे प्रश्न : गर्दी कोणत्या गाडीभोवती?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९५० च्या दशकातील फियाट आहे. गेल्या वर्षी ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर काढून मिस्त्रीकडून चालू करून घेतली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती न्यावी असे मला वाटते. पण तिथे राजेरजवाड्यांच्या गाड्या असताना आपल्या फियाटकडे कोण बघणार, असे वडील म्हणतात. अशा प्रदर्शनांत लोक सर्वाधिक कोणत्या गाड्या पाहतात?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : आपल्या वडिलांचा अंदाज पहिल्या अर्ध्या तासापुरता खरा आहे. प्रदर्शनात शिरलेला माणूस आधी रोल्स-रॉइसकडे वळतो, आणि त्यातही ती एखाद्या संस्थानिकाची असल्याचे कळले की तिच्याभोवती कडे पडते. सहा सिलिंडरचे, सुमारे सात लिटरचे इंजिन असलेली ‘सिल्व्हर घोस्ट’ ही रोल्स-रॉइसच्या गाड्यांतील सर्वांत नावाजलेली गाडी. तिचे उत्पादन १९२६ पर्यंत चालले आणि इतके मोठे इंजिन असूनही ती चालू आहे की बंद, हे जवळ उभ्या माणसाला चटकन कळत नसे, अशी तिची ख्याती होती. आपण मराठवाड्यातील माणसे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातील पिवळी सिल्व्हर घोस्ट आपल्याला विशेष जवळची वाटायला हरकत नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, लंडनच्या बार्कर कंपनीने तिची बॉडी बांधली आणि मागची बैठक सिंहासनासारखी उंच केली. परंतु १९११ मध्ये निजामांचे निधन झाले आणि गाडी आली ती त्यांच्या मुलाच्या कारकिर्दीत. ती रस्त्यावर फारच थोडी धावली. तिच्या किमतीत आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्याचाही वाटा असावा, हा विचार मात्र ती पाहताना मनातून जात नाही.

अशा गाडीपाशी लोक फोटो काढतात आणि पुढे सरकतात, असा माझा अनेक प्रदर्शनांतला अनुभव आहे. थांबतात ते निराळ्या ठिकाणी. फोर्डची ‘मॉडेल टी’ आलेली असेल तर तिच्या दारातून आत डोकावणाऱ्यांची रांग लागते, कारण तिचे पायातले तीन पेडल कोणत्याही आजच्या ड्रायव्हरला चकवतात. डावे पेडल गिअरचे, मधले गाडी मागे नेण्याचे आणि उजवे ब्रेकचे. वेग वाढवण्याचा दांडा मात्र पायात नसून स्टिअरिंगखाली हाताशी असतो. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या, म्हणजे दुर्मिळता हे काही तिच्या आकर्षणाचे कारण नव्हे. मालकाने हँडल मारून ती चालू करायची ठरवली की आजूबाजूच्या महागड्या गाड्यांपाशी कोणी उरत नाही. हँडल फिरवताना अंगठा मुठीभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवावा लागतो, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. जुने ड्रायव्हर ही गोष्ट आपली बोटे दाखवून सांगतात, आणि ते सांगणेही पाहण्यासारखे असते. मुलांचा ओढा निराळा. त्यांना १९५० च्या दशकातील लांबलचक अमेरिकी गाड्या आवडतात, विशेषतः १९५९ सालच्या कॅडिलॅकसारख्या, जिच्या मागच्या बाजूला माशाच्या परासारखे उंच पंख काढलेले आहेत.

आता आपल्या फियाटविषयी. पुढून गोलसर दिसणारी आणि पुढचे दरवाजे उलट्या बाजूने, म्हणजे मागच्या बिजागरीवर, उघडणारी ‘११००’ या मॉडेलची असेल, तर तिला मुंबईकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. हे नाव कोणीतरी मोठ्याने उच्चारल्याशिवाय राहणार नाही, त्याचा राग मानू नये. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ या अमेरिकी गाड्या जोडल्या जात आणि नंतर फियाट आली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगला लावलेला गिअरचा दांडा पाहून पन्नाशीपुढचा प्रत्येक माणूस थबकतो, कारण त्याच्या गावात ती गाडी एखाद्या डॉक्टरांकडे किंवा वकिलांकडे होती आणि तिच्यात बसायला मिळाल्याचा दिवस त्याला तारखेसकट आठवतो. राजाच्या गाडीविषयी तो प्रश्न विचारतो. आपल्या फियाटविषयी तो स्वतःच सांगू लागतो, आणि मग हलत नाही. म्हणून गाडी जरूर न्यावी. बॉनेट उघडे ठेवावे, आजोबांचा गाडीसोबतचा एखादा फोटो आणि आरसी बुकाची प्रत पुठ्ठ्यावर लावावी, आणि वडिलांनाच गाडीपाशी खुर्ची टाकून बसवावे.

प्रश्न : आमच्या शेतावर जुनी जीप आहे. रंग बहुतेक उडाला आहे. तिला लष्करी हिरवा रंग देऊन, रुंद टायर आणि एलईडी दिवे बसवून प्रदर्शनात उभी करावी, असा मुलाचा आग्रह आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : तसे केल्यास गर्दी कदाचित होईल, पण जाणकार पाठ फिरवतील. आधी पुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजाव्यात. दुसऱ्या महायुद्धातील विलीज या अमेरिकी कंपनीच्या लष्करी जीपला त्या नऊ असतात, तर युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. सात फटींच्या जीपला लष्करी रंग देणे म्हणजे शेतकऱ्याला उसना गणवेश घालण्यासारखे आहे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे तालुक्याच्या गावात धुरळा उडवत जीप आली म्हणजे साहेब आले, असे समीकरण कित्येक वर्षे होते. मग तिचा तोच इतिहास का दाखवू नये? परीक्षक इंजिन आणि चासी यांचे क्रमांक कागदपत्रांशी जुळतात का, दिवे, मीटरचे काटे, जॅक आणि पान्हे त्या काळचे आहेत का, हे पाहतात. कारखान्यातून निघाली तेव्हाही नसेल इतकी चकाकी आणलेल्या गाडीचे गुण अनेकदा कमीच होतात. गंज थांबवावा, तेलगळती बंद करावी, ब्रेक नीट करून घ्यावेत. उरलेला मूळ रंग मात्र घासून काढू नये, कारण तो परत मिळत नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची अ‍ॅम्बेसेडर आहे. ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल का? पंचवीस वर्षांपूर्वी तिच्यात डिझेल इंजिन बसवले होते.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ब्रिटनमधील प्रचलित वर्गवारीत १९१९ ते १९३० मधील गाड्यांनाच ‘व्हिंटेज’ म्हणतात, त्या हिशेबाने आपली गाडी फार तरुण आहे. आपल्या देशात मात्र केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या सुधारणेनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी आणि चारचाकी या वर्गात येऊ शकते, तेव्हा वयाची अट आपण पार केली आहे. अडचण आहे ती इंजिनाची. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, गाडी मूळ रूपात असावी, असे नियम स्पष्ट सांगतो. मायलेजच्या हिशेबाने पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवण्याची त्या काळी साथच होती. त्यात आपण एकटे नाही. पण अशा बदलासह अर्ज केल्यास राज्याच्या तपासणी समितीकडून तो मान्य होण्याची आशा धरू नये. मूळ जातीचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन शोधून बसवणे आणि तो बदल आधी आरटीओकडे आरसी बुकात रीतसर नोंदवून घेणे, ही पहिली पायरी. नवीन नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, ती दहा वर्षे चालते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. एक गोष्ट मात्र घरात सर्वांना सांगून ठेवावी. या नोंदणीनंतर गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, म्हणून तिच्यातून रोज बाजारहाट करण्याचा बेत असेल तर अर्ज न करणेच बरे.