दत्तक घेतलेला कॉकाटील हात जवळ नेला की चावतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांचा कॉकाटील (बाजारात ज्याला ‘कॉकटेल’ म्हणतात तोच) ओळखीच्या कुटुंबाकडून आणला. तिथे तो खांद्यावर बसायचा, तुमच्याकडे मात्र दहा दिवस झाले तरी हात आत गेला की फिस्कारतो आणि चावतो. तो माणसाळेल का, बोलेल का, असं विचारलंय.

माणसाळेल. तो तापट नाही, घाबरलाय. कॉकाटील मूळचे ऑस्ट्रेलियातले, थव्याने राहणारे पक्षी. त्याच्या लेखी त्याचा अख्खा थवा एका दुपारी नाहीसा झालाय. त्या मानाने दहा दिवस काहीच नाहीत.

आमचा बंटी आला तेव्हा तीन वर्षांचा होता. पहिल्याच रविवारी पिंजरा धुवायचा म्हणून मी त्याला टॉवेलमध्ये धरून बाहेर काढलं. काम पाच मिनिटांचं, पण पुढे महिनाभर दोरीवर वाळत घातलेला टॉवेल दिसला तरी तो मागच्या जाळीला चिकटून बसायचा. ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून कळकळीने सांगते, त्याला धरू नका आणि पिंजऱ्यात हात घालून त्याच्या मागे लागू नका. दाणापाणी बदलतानाही हात सावकाश न्या, तोंडाने काहीतरी बोलत राहा.

आधी तुरा वाचायला शिका. तुरा डोक्याला चपटा बसलाय आणि तो फिस्कारतोय, म्हणजे ‘लांब राहा’. ताठ उभा असेल तर तो दचकलाय किंवा सावध आहे. थोडा मागे कललेला, टोक वर, म्हणजे निवांत. तुरा चपटा होताच हात मागे घ्या, चावायची वेळच येऊ देऊ नका. यावर घरचे म्हणतात, ‘असं केलंत तर तो डोक्यावर बसेल.’ मला उलटा अनुभव आला. नुसत्या तुऱ्याने सांगितलेलं ऐकू येतंय म्हटल्यावर बंटीने चोच वापरणं सोडलं.

मग राळ्याचं कणीस आणा. पक्ष्यांच्या दुकानात मिळतं आणि बहुतेक कॉकाटील त्यावर जीव टाकतात. ते भांड्यात अजिबात ठेवू नका, फक्त तुमच्या हातून मिळू दे. पहिले काही दिवस लांब टोकाला धरून जाळीतून आत सरकवायचं आणि नजर दुसरीकडे ठेवायची, कारण समोरून रोखून बघणारे डोळे त्याला शिकाऱ्याचे वाटतात. बंटीने पहिल्यांदा दाणा घेतला तेव्हा पाय दांडीच्या दुसऱ्या टोकाला घट्ट आणि मान ताणलेली, तुरा ताठ. एक दाणा उचलला, जिभेवर फिरवला, सालपट खाली पडलं आणि लगेच मागे सरकला. मी श्वास रोखून बसले होते.

रोज बोटं थोडी थोडी पुढे न्यायची. तो बिनधास्त खायला लागला की पिंजऱ्याच्या दारात हात आडवा धरायचा, कणीस त्याच्या पलीकडे. खायचं तर हातावर पाय ठेवावा लागेल, पण ठेवायचा की नाही हे त्याने ठरवायचं. पोटाला बोट लावून ढकलायची पद्धत बरेच जण सांगतात. घाबरलेल्या पक्ष्यासाठी मला ती पटत नाही. दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाआधी, एवढं पुरे. बंटीला हातावर यायला सहा आठवडे लागले. कुरवाळायचं ते डोकं आणि गालच. पाठ आणि शेपटीखाली हात लावला की विणीची वृत्ती जागी होते.

बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद आहे ना, खिडक्यांना पडदे आहेत ना, हे बघाच. घरात नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती, मच्छरची कॉइलही त्याच्या खोलीत नको. रात्री झिरोचा दिवा ठेवा, अंधारात दचकून हे पक्षी पिंजऱ्यात फडफडून जखमी होतात. दाण्यांबरोबर गाजर, कोथिंबीर द्या, अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट कधीच नको. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे एकदा तपासून आणा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनही करत जा, आजार लपवणाऱ्या पक्ष्याचं वजन आधी बोलतं.

एक विनंती. त्याला सोबत म्हणून आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे.

बोलण्याचं म्हणाल तर नर शीळ छान घालतात, काही एखाददुसरा शब्दही उचलतात. माद्या बहुधा गप्प असतात. नाव मात्र बदलू नका. ‘बंटी’ हे नावही आधीच्या घरचंच. महिना झाला तरी तो गप्प होता, म्हणून आम्ही त्या घरी फोन केला. तिथले आजोबा रोज सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढताना एक चार सुरांची शीळ घालायचे, ती त्यांनी फोनवर घालून दाखवली. स्पीकर चालू होता. बंटी खाता खाता थांबला, तुरा वर गेला, आणि त्याने शेवटचे दोन सूर परत दिले. दुसऱ्या दिवसापासून कापड काढताना मी तीच शीळ घालायला लागले. तुम्हीही आज त्या कुटुंबाला फोन करून विचारा, सकाळी ते त्याला कशी हाक मारायचे.