वाचकांचे प्रश्न : चार स्पीकर आणि एक सुई

प्रश्न : माझ्या १९७०च्या दशकातल्या क्वाड्राफोनिक, म्हणजे चार स्पीकरच्या, रिसीव्हरवर एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ या रेकॉर्डच्या पद्धतींची तीन बटणं आहेत. एसक्यूच्या रेकॉर्ड छान वाजतात. सीडी-४ची रेकॉर्ड लावली की रिसीव्हरवरचा सीडी-४चा दिवा लागतच नाही आणि मागच्या स्पीकरमधून पुढचाच आवाज येतो. कार्ट्रिज (सुईचा थरथराट विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) नवं आहे, लंबगोल सुईचं. रिसीव्हर दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. दिवा न लागण्याचं कारण बहुतेक वेळा रिसीव्हरच्या आधीच, म्हणजे सुई, कार्ट्रिज किंवा केबलमध्ये असतं.

एसक्यू आणि क्यूएस या मॅट्रिक्स पद्धती आहेत. त्यांत चार चॅनल दोन चॅनलमध्ये मिसळलेले असतात आणि सगळा मजकूर ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच राहतो. त्यामुळे स्टिरिओचं कुठलंही बरं कार्ट्रिज तिथे काम भागवतं. सीडी-४चं तसं नाही. तिथे खाचेच्या प्रत्येक भिंतीवर नेहमीच्या आवाजात त्या बाजूच्या पुढच्या-मागच्या चॅनलची बेरीज असते आणि त्या दोघांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या कॅरिअरवर, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या वाहक लहरीवर, बसवलेली असते. हा कॅरिअर साधारण २० ते ४५ किलोहर्ट्झ एवढा पट्टा व्यापतो. तो डीमॉड्युलेटरपर्यंत (कॅरिअरमधून ती वजाबाकी बाहेर काढणाऱ्या सर्किटपर्यंत) पोचला नाही, तर रिसीव्हर रेकॉर्ड साधी स्टिरिओ आहे असं धरतो आणि पुढचाच आवाज मागे पाठवतो. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

सुई का कमी पडते तेही पाहा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला, केंद्रापासून साधारण १४६ मिलिमीटरवर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१० मिलिमीटर सरकते. तिथे ३० किलोहर्ट्झची एक लाट १७ मायक्रॉन लांब असते. लेबलजवळ, ६० मिलिमीटर त्रिज्येवर, तीच लाट जेमतेम ७ मायक्रॉनची उरते. गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन, नेहमीच्या लंबगोल सुईची बाजूची त्रिज्या ७-८ मायक्रॉन. एवढ्या जाड टोकाला लाटेच्या खोलगट भागात उतरताच येत नाही, ते वरून घसरत जातं. म्हणूनच जेव्हीसीने सीडी-४साठी शिबाता सुई आणली. तिची भिंतीला टेकणारी कड पातळ असते, पण खोलीच्या दिशेने लांब असते, त्यामुळे दाब पसरतो आणि झीज कमी होते. आजच्या मायक्रोलाइन सुयाही हे काम चोख करतात. तुमचं कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतलं असेल, तर फक्त सुई बदलून शिबाता (एसएच) किंवा मायक्रोलिनिअर (एमएल) बसवता येते.

प्रश्न : शिबाता सुईचं कार्ट्रिज घेतलं. दिवा लागतो, पण लुकलुकतो, आणि आतल्या गाण्यांवर विझतो. टर्नटेबलपासून रिसीव्हरपर्यंत केबल दीड मीटरची आहे.

उत्तर : सुई बरोबर आहे, पण वायरीत कॅरिअर मरतोय. शिबाता सुई असलेलं प्रत्येक कार्ट्रिज सीडी-४साठी योग्य असतंच असं नाही. ऑर्टोफॉन २एम ब्लॅकची सुई शिबाताच आहे, पण कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध) ६३० मिलिहेन्री आहे आणि कंपनी १५० ते ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (केबल आणि इनपुटमध्ये विद्युतभार साठण्याचं प्रमाण) सुचवते. स्टिरिओसाठी हे उत्तम. ३० किलोहर्ट्झसाठी मात्र अडचणीचं, कारण हे दोन्ही मिळून खूप वरच्या कंपनांचा सिग्नल कापतात.

हिशोब करून पाहू. इंडक्टन्स ५०० मिलिहेन्री, केबल आणि इनपुट मिळून कपॅसिटन्स २५० पिकोफॅरड, आणि रिसीव्हरचा लोड (इनपुटवरचा रोध) नेहमीचा ४७ किलोओम. या जोडीत ३० किलोहर्ट्झचा सिग्नल जवळपास चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे १२ डेसिबलने पडतो. तेच कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड आणि लोड १०० किलोओम केला, तर ८० टक्क्यांच्या आसपास सिग्नल टिकतो. म्हणून सीडी-४साठी १०० किलोओम आणि एकूण १०० पिकोफॅरडच्या आत, हाच दंडक पाळावा. काही रिसीव्हर सीडी-४च्या बटणावर लोड आपोआप १०० किलोओम करतात, काही करत नाहीत. सर्व्हिस मॅन्युअलच्या सर्किटमध्ये फोनो इनपुटवरचा (टर्नटेबल जोडतात तिथला) रेझिस्टर पाहून खात्री करा.

केबलचा कपॅसिटन्स घरी मोजता येतो. रिसीव्हर बंद करून प्लग काढा, हेडशेलही (कार्ट्रिज ज्यावर बसतं तो आर्मच्या टोकाचा तुकडा) काढून ठेवा. कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरची एक टोचणी प्लगच्या मधल्या पिनला आणि दुसरी बाहेरच्या कड्याला लावा. दोन्ही चॅनल मोजा. आर्मच्या आतली वायर आणि केबल यांचा मिळून आकडा येईल. नुसत्या मीटरच्या वायरींचा आकडा आधी मोजून तो वजा करायला विसरू नका. साधी शिल्डेड केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या पुढे सहज जाते, कमी कपॅसिटन्सची ५०च्या आसपास असते. दीड मीटर साध्या केबलवर तुमचा कोटा तिथेच संपला. टर्नटेबल रिसीव्हरच्या जवळ आणा, केबल ६० सेंटिमीटरवर आणा किंवा कमी कपॅसिटन्सची जोडा. अर्थिंगची वायर वेगळी ठेवा.

आतल्या गाण्यांवर दिवा विझणं हे मात्र केबलपेक्षा सुईच्या बसणीशी जास्त जोडलेलं आहे. समोरून पाहिल्यावर सुई रेकॉर्डला काटकोनात हवी. ओव्हरहँग (सुई टर्नटेबलच्या मधल्या खुंटीच्या किती पुढे जाते ते) प्रोट्रॅक्टरने, म्हणजे खुणांच्या पट्टीने, पुन्हा तपासा. शिबाता सुई मागे-पुढे कललेली असली तरी कॅरिअर लगेच घसरतो, तेव्हा आर्मची उंची एकेक मिलिमीटरने बदलून पाहा. सुईचा दाब कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवा. कमी दाबाने रेकॉर्डची झीज टळते हा समज चुकीचा आहे. सुई उडते आणि खाच तिथेच खरवडली जाते.

प्रश्न : माझ्याकडे फक्त एसक्यू आणि क्यूएस रेकॉर्ड आहेत. महागडी शिबाता घ्यावी का?

उत्तर : गरज नाही. मॅट्रिक्सचा डीकोडर दोन चॅनलमधल्या पातळीचा आणि फेजचा (लहरी एकमेकींच्या किती मागे-पुढे आहेत याचा) फरक वाचून आवाज मागे टाकतो. त्यामुळे दोन्ही चॅनल सारखे असणं महत्त्वाचं. पातळीतला फरक १ डेसिबलच्या आत आणि सेपरेशन (एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात न झिरपणं) १ किलोहर्ट्झला २५ डेसिबलच्या आसपास असेल, तर चांगलं लंबगोल कार्ट्रिज पुरेसं आहे. हेडशेल थोडी जरी तिरकी असली, तर पुढचा गायक मागच्या स्पीकरमध्ये झिरपतो. त्यासाठी एक स्क्रू सैल करून सरळ करणं नव्या कार्ट्रिजपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

प्रश्न : मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज चालेल का?

उत्तर : यात चुंबकाऐवजी कॉइलच हलते. कॉइल छोटी, इंडक्टन्स नगण्य, त्यामुळे केबलचा त्रास जवळपास उरत नाही. सुई शिबातासारखी असेल तर कॅरिअर सुरेख निघतो. पण पाव-अर्ध्या मिलिव्होल्टवर जुना डीमॉड्युलेटर चालणार नाही, त्याला काही मिलिव्होल्ट लागतात. मध्ये स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज वाढवणारा) घालावा लागेल आणि तो ४५ किलोहर्ट्झपर्यंत सपाट चालणारा हवा. बरेच जण इथे फसतात.

प्रश्न : टेस्ट रेकॉर्ड नाही. डीमॉड्युलेटरचे स्क्रू कसे लावायचे?

उत्तर : कार्ट्रिज बदललं की हे करावंच लागतं, कारण प्रत्येक कार्ट्रिज कॅरिअरची वेगळी पातळी देतं. टेस्ट रेकॉर्ड मिळाली तर उत्तमच. नसेल, तर सीडी-४ची स्वच्छ रेकॉर्ड घ्या, जिच्यात गायकाचा आवाज फक्त पुढे आहे. आधी ३० किलोहर्ट्झ पातळीचा स्क्रू दिवा स्थिर लागेपर्यंतच फिरवा, पुढे नाही. मग फक्त मागचा डावा स्पीकर चालू ठेवा आणि डाव्या सेपरेशनचा स्क्रू हळूहळू फिरवा. गायकाचा आवाज लहान होत जाईल, एका जागी सगळ्यात बारीक होईल आणि पुढे पुन्हा वाढेल. त्या बारीक जागेवर थांबा. वजाबाकीची पातळी बेरजेच्या पातळीशी तिथे जुळलेली असते, म्हणून पुढचा आवाज मागे खोडला जातो. उजवीकडेही तसंच करा. हात लावण्याआधी प्रत्येक स्क्रूची मूळ जागा पेन्सिलने खुणावून ठेवा.

प्रश्न : सगळं जुळवलं, नवी रेकॉर्ड शुद्ध वाजते. एक जुनी मात्र चारही बाजूंनी सॅंडपेपर घासल्यासारखी खरखरते.

उत्तर : आधी ती ओली धुवून वाळवा, खाचेतली धूळही असाच आवाज करते. धुऊनही फरक पडला नाही, तर तिच्यावर पूर्वी जाड सुई आणि जास्त दाब चालला आहे, आणि ३० किलोहर्ट्झच्या लाटा घासल्या गेल्या आहेत. त्या परत येत नाहीत. ती रेकॉर्ड स्टिरिओच्या बटणावर ऐका, तिथे ती अजून गोड वाजण्याची शक्यता आहे.